बापाची जमीन आणि देशोदेशीचे कायदे

देश तितके कायदे. आपल्याकडे जे कायद्याला धरून आहे, ते दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. निरनिराळ्या देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहणे, हाही एक अभ्यास आहे. त्याला कायद्यांचा तौलनिक अभ्यास म्हणतात. तौलनिक म्हणजे तुलना करून केलेला. या अभ्यासासाठी फ्रान्स देशात १८६९ साली एक संस्था निघाली. १९०० साली पॅरिस शहरात देशोदेशीच्या कायदेपंडितांची परिषद भरली.

पण हे काम नुसते पंडितांचे नाही. तुमच्याआमच्या घरालाही ते उपयोगी पडते. कसे ते पाहू.

सगळ्या देशांची कायद्याची पुस्तके वाचायला बसलो, तर जन्म पुरणार नाही. म्हणून एक युक्ती करतात. एकच प्रश्न घ्यायचा आणि तोच प्रत्येक देशाच्या कायद्याला विचारायचा.

आपला प्रश्न असा. एका शेतकऱ्याची १२ एकर जमीन आहे. स्वतःच्या कष्टाने घेतलेली. त्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. त्याने मृत्युपत्र केले आणि सगळी जमीन थोरल्याला लिहून दिली. पुढे तो वारला. आता धाकट्याचे आणि मुलीचे काय?

पहिल्याने इंग्लंडला विचारू. इंग्लंडचा कायदा म्हणतो, मालमत्ता ज्याची, मर्जी त्याची. १२ च्या १२ एकर थोरल्याला देता येतात. पण यात एक वाईट झाले. एखाद्याची बायकामुले उघड्यावर पडू लागली. म्हणून १९३८ साली तिथे एक कायदा झाला. १९७५ साली तो अधिक मोठा केला. आता बायकोला किंवा मुलाला कोर्टात जाता येते. "आमच्यासाठी पुरेशी तजवीज केलेली नाही," असे सांगता येते. कोर्टाला पटले तर ते इस्टेटीतून काही देववते. पण तो ठरलेला वाटा नव्हे. द्यायचे की नाही आणि किती, ते कोर्ट ठरवते.

आता फ्रान्सला विचारू. तिथला कायदा १८०४ सालचा. नेपोलियनच्या अमलात झालेला. पुढे त्यात पुष्कळ बदल झाले. पण एक गोष्ट टिकली. बापाला मुलांचा हक्क पुसता येत नाही. एक मूल असेल तर अर्धी इस्टेट राखीव. दोन असतील तर तीन हिश्श्यांतले दोन राखीव. तीन किंवा जास्त असतील तर चार हिश्श्यांतले तीन राखीव. म्हणजे आपल्या प्रश्नात ९ एकर राखीव झाले. प्रत्येक मुलाला ३ एकर. मुलगा असो की मुलगी, वाटा सारखाच. उरलेले ३ एकर बापाने हवे त्याला द्यावे. कोणी म्हणेल, जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाकले तर? तीही वाट तिथे अडवली आहे. अशी बक्षिसेसुद्धा हिशेबात धरतात.

असे का बरे झाले? फ्रान्समध्ये पूर्वी सरदारांच्या जमिनी बहुधा थोरल्या मुलाकडे जात. १७८९ साली तिथे राज्यक्रांती झाली. सगळे समान, असे लोकांनी ठरवले. मग घरातही समानता आली. यालाही दुसरी बाजू आहे. जमिनीचे तुकडे पडतात, ही तक्रार तिथे जुनीच आहे. आपल्यालाही ती काही नवी नाही.

आता घराजवळ येऊ. सावंतवाडी तालुक्यातले बांदा सोडले की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. हद्द ओलांडली की वारसाचा कायदा बदलतो. गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांचा १८६७ सालचा कायदा तिथे लागू झाला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी तो कायदा राहिला. २०१२ साली गोव्याने वारसाचा स्वतःचा कायदा केला. त्यातही जुनी मुख्य रीत ठेवली.

ती रीत अशी. लग्नाआधी निराळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची मिळून असते. म्हणून १२ एकरांतले ६ एकर बायकोचेच. नवऱ्याला मृत्युपत्र करता येते ते आपल्या ६ एकरांपुरते. त्यातलेही अर्धे मुलांसाठी राखीव. म्हणजे प्रत्येक मुलाला १ एकर मिळणारच. उरलेले ३ एकर थोरल्याला देता येतील. कायद्यात सांगितलेला गंभीर अपराध केल्याशिवाय मुलाचा राखीव वाटा काढता येत नाही.

आणि महाराष्ट्रात? हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे वाटे मिळतात. पण मृत्युपत्र केले असेल, तर स्वकष्टाची सगळी जमीन एकट्या थोरल्याला जाऊ शकते. मुलीला कायद्याने दिलेला वाटा एका कागदाने जातो. लहान मूल, लग्न न झालेली मुलगी, विधवा, म्हातारे आईबाप यांना इस्टेटीतून पोटगी मागता येते. पण पोटगी म्हणजे जमीन नव्हे.

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीची गोष्ट निराळी. तिच्यात मुलीलाही मुलासारखा जन्मापासून हक्क आहे. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला आणि २००५ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा झाला. तिचा तो हिस्सा बापाला दुसऱ्याच्या नावे लिहून देता येत नाही. मुसलमान कायद्यात वारसांची संमती नसेल, तर एक-तृतीयांशाच्या वर मृत्युपत्राने देता येत नाही.

प्रश्न एकच, पण उत्तरे किती! कुठे धन्याची मर्जी मोठी, कुठे मुलांचा हक्क मोठा. वारसाचा कायदा आभाळातून पडत नाही. माणसेच तो करतात आणि माणसेच तो बदलतात.

म्हणून शहाणी माणसे दुसऱ्यांचे कायदे पाहतात. आपली राज्यघटना होत असताना घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ साली अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन आले. १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितले, की दुसऱ्याकडून चांगले घेण्यात लाज नाही. मात्र घेताना एकच ओळ उचलून भागत नाही. गोव्याचा राखीव वाटा पाहिला, तर बायकोचा अर्धा हिस्साही पाहावा लागतो. ती दोन्ही चाके एकाच गाडीची आहेत.

आपल्या घरात मृत्युपत्र किंवा हक्कसोडपत्र होणार असेल, तर हेच प्रश्न विचारा. जमीन कोणाच्या कष्टाची? वडिलोपार्जित आहे का? कोणाचा वाटा जातो आहे? हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यायची असेल, तर आधी कागद तिच्या हाती द्या आणि तिला तो वाचू द्या.