ज्वारीत प्रथिने कमी, की ताटात भाकरीच कमी?

सत्तरच्या दशकात कुपोषणाची चर्चा म्हणजे बहुतांशी प्रथिनांची चर्चा असे. कोरडवाहू भागातला गरीब माणूस ज्वारीवर जगतो, ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. तेव्हा जास्त लायसिनचे वाण काढले की प्रश्न सुटेल, असा हा सरळ हिशेब होता. १९७३ मध्ये इथिओपियातल्या ज्वारीत असे वाण सापडल्याचे जाहीर झाले आणि या विचाराला जोर आला. अडचण एवढीच, की त्यांचा दाणा आकसलेला होता. तो वजनाला भरत नव्हता.

नवे वाण शेतापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे जातात. त्यामुळे पैदासकारांनी आधी कशामागे लागायचे, हा प्रश्न हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेपुढे होता. दाण्यात काय आहे, हे प्रयोगशाळा सांगू शकत होती. माणसाच्या पोटात काय जाते, हे गावात जाऊनच कळणार होते.

अशा प्रश्नांसाठी १९७५ मध्ये संस्थेने सहा गावे निवडली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा, तर तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली दोन. प्रत्येक गावात ४० कुटुंबे घेतली. त्यांत दहा भूमिहीन मजुरांची, बाकीची लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. वैशिष्ट्य असे, की माहिती गोळा करणारा माणूस गावातच राहायचा. तो शेतकी शिकलेला, ग्रामीण घरातला आणि तिथली भाषा बोलणारा असे. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरांत जाई.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण एका बैठकीत भरलेला फॉर्म फसवतो. चैत्रात जाऊन ‘श्रावणात खुरपणीला किती बाया लावल्या’ असे विचारले, तर उत्तर मिळते, पण ते आठवणीतले नसते, अंदाजाचे असते. ज्वारी विकली किती हे सांगता येते. मजुरीत, बियाण्यात, उसनवारीत गेलेली पायली-दोन पायली निसटते. कापसाच्या ओळींत तूर असली, की एकराचा हिशेब कुणाच्या नावावर टाकायचा हा घोळ होतो. बाईच्या कामाचे उत्तर ओसरीवर बसलेला पुरुष देतो. शिवाय जीपमधून उतरलेल्या पाहुण्याकडे ‘योजना आली’ म्हणून पाहिले जाते आणि उत्तरे त्या बेताने येतात. यात लबाडी नसते, व्यवहार असतो. तोच माणूस विसाव्यांदा दारात आला की हा बेत आपोआप गळून पडतो.

याच घरांत आहाराचीही पाहणी झाली. घराची सरासरी न काढता प्रत्येक व्यक्तीच्या खाण्याची वेगळी नोंद झाली. तुटवडा होता, पण मुख्यतः उष्मांकांचा, कॅल्शियमचा, ‘अ’ आणि ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वांचा. लायसिनची कमतरता हा तिथला मुख्य प्रश्न नव्हता. भाकरीबरोबर थोडी डाळ असली तरी लायसिनची उणीव बरीच भरून निघते. पण भाकरीच अपुरी असेल तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. त्यामुळे लायसिनपेक्षा भरघोस आणि भरवशाच्या उत्पादनावर भर द्यावा, असा निष्कर्ष निघाला. डाळ नको, असा याचा अर्थ नव्हे. शिवाय ‘अ’ जीवनसत्त्वासाठी पालेभाजीकडे पाहावे लागणार होते, ज्वारीकडे नाही.

दुसरा एक समज असाच तपासला गेला. गरीब शेतकरी भित्रा, म्हणून नवे बियाणे घेत नाही, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. हान्स बिन्सवांगर या अर्थतज्ज्ञाने गावकऱ्यांपुढे खऱ्या पैशांचे डाव ठेवले. छाप पडो वा काटा, ५० रुपये नक्की; किंवा एका बाजूला २०० आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही; आणि अधले-मधले पर्याय. रक्कम मोठी झाल्यावर बहुतेकांनी मध्यम जोखीम पत्करली आणि श्रीमंत-गरिबांच्या निवडीत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे फरक स्वभावात नव्हता; तो कर्ज आणि खत-बियाणे कुणाला सहज मिळते, यात शोधायला हवा होता. इथे सल्लाच बदलतो. भित्र्याला प्रात्यक्षिक दाखवावे लागते, अडलेल्याला वेळेवर पीककर्ज लागते.

हे काम स्वस्त नाही. सहा गावांत मिळून २४० घरे, आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे मुक्कामी माणसे. १९८० च्या दशकाच्या मध्यात ते थांबले आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात या नोंदवह्यांवर जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी काम केले. मार्क रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये त्यांतल्या सोयरिकी तपासल्या. ज्यांच्या शेतीचे उत्पन्न जास्त बेभरवशाचे, त्या घरांच्या सोयरिकी जास्त लांबच्या गावांत होत्या, आणि अशा घरांत वाईट वर्षीही खाण्यात कमी घट होत होती. पाऊस सगळ्याच शिवारांत एकदम दगा देत नाही.