मराठीचा प्रांत, गोरबोलीचे तांडे

बीड जिल्ह्यात मराठी घरोघर बोलली जाते. मुस्लिम वस्त्यांत दखनी ढंगाची उर्दू चालते. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांतल्या तांड्यांवर तिसरी भाषा कानावर येते, ती बंजारा समाजाची गोरबोली. तिलाच गोरमाटी, लमाणी किंवा लंबाडी म्हणतात. यांतल्या मराठी आणि गोरबोली या दोन भाषांचा पसारा देशाच्या नकाशावर मांडला, तर दोन अगदी वेगळी चित्रे उमटतात.

मराठीचे चित्र सलग आहे. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आणि त्यांतले बहुसंख्य एकाच राज्यात राहतात. सीमेपलीकडे बेळगाव, बिदर, गोवा, बऱ्हाणपूर या बाजूंना तिच्या कडा पसरलेल्या आहेत. तंजावरला भोसल्यांच्या राज्यामुळे ती सतराव्या शतकात पोचली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर इथेही ती मराठी सरदारांबरोबर गेली. मॉरिशसमध्ये ती मळ्यांवरच्या मजुरांबरोबर आणि इस्रायलमध्ये बेने इस्रायली ज्यूंबरोबर गेली.

युरोपातल्या स्वीडिश भाषेची मांडणी अशीच आहे. तिचे सुमारे एक कोटी भाषक मुख्यतः स्वीडनमध्ये आहेत. शेजारच्या फिनलंडमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास लोकांची ती मातृभाषा आहे आणि फिनिशच्या जोडीने तिला तिथे राजभाषेचा मान आहे. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता, त्याची ही खूण. फिलिपिन्समधली तागालोग मात्र सत्तेपेक्षा मजुरीच्या वाटेने जगभर गेली. लुझोन बेटावरच्या मनिला आणि आसपासच्या भागातली ही भाषा आज आखाती देशांत, जहाजांवर, इस्पितळांत ऐकू येते. अमेरिकेत घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांत इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनीनंतर तिचा क्रमांक लागतो. तरीही तागालोगला मायदेश आहे. फिलिपिन्सची राष्ट्रभाषा तिच्यावरच उभी आहे.

गोरबोलीला असा मायदेश नाही. तिचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. 'आहे' या अर्थी तिच्यात 'छ' येतो, आईला 'याडी' म्हणतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणे हा बंजाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय होता. लमाण हे नाव लवण, म्हणजे मीठ, या शब्दावरून आल्याचे मानतात. दक्षिणेत उतरलेल्या मोगल फौजांना धान्य पुरवणारे तांडे इकडेच राहिले. पुढे रेल्वे आली, बैलांवरची वाहतूक बसली. त्यातच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा फिरत्या समाजांवर संशयाचा शिक्का मारला. तांडे जिथे थांबले तिथे वसले आणि भाषाही तिथेच रुजली. म्हणून ती महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश अशी ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेली आहे.

या विखुरण्याची किंमत मोठी आहे. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही, त्यामुळे ती बीडमध्ये देवनागरीत, विजयपुरात कन्नडमध्ये आणि वरंगळात तेलुगू लिपीत लिहिली जाते. एकाच भाषेतले लेखन शेजारच्या राज्यातल्या भाऊबंदांना वाचता येत नाही. कायद्याच्या लेखी समाजही तीन ठिकाणी तीन प्रकारचा आहे: तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. तांड्यावरचे मूल पहिलीत मराठी शाळेत जाते आणि दुसऱ्याच भाषेत अक्षरे गिरवते.

राजाश्रय नसलेल्या भाषेचे काय होते, हे बीडच्या मराठीनेही सोसले आहे. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईचा हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. कारभार उर्दूत चालत असे, हैदराबादला १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि मराठी इथल्या कचेरीची भाषा बनली. गोरबोलीच्या वाट्याला असे १९६० आलेच नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतही ती नाही.

बीडपुरता एक घोटाळा दूर करायला हवा. जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेला वंजारी समाज आणि बंजारा समाज नावाच्या साम्यामुळे बाहेरच्यांना एकच वाटतात. ते वेगळे आहेत आणि वंजाऱ्यांची भाषा मराठी आहे. दोन्ही समाजांतली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सहा महिने गोरबोली फडावरच्या कोप्यांतून बोलली जाते. तागालोगसारखीच तीही कष्टाच्या वाटेने प्रवास करते.

हा पसारा मोजताना मात्र ती नावानिशी दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून अधिक आणि बंजारी सांगणारे १५ लाखांहून अधिक होते. हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे हिंदी या शीर्षकाखाली टाकले गेले. एक भाषा दोन नावांत फुटली आणि दोन्ही नावे ५२ कोटी हिंदीभाषकांत मिसळली. तिच्या व्याकरणाला हा न्याय नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. त्या वेळी तांड्यावरच्या प्रत्येक घराने मातृभाषेचे नाव विचारपूर्वक, शक्यतो सर्वांनी एकच सांगावे आणि प्रगणकाने ते सांगितले तसेच लिहावे.