पेशी का वाढेनात?

सकाळी ८.४५
जिल्हा रुग्णालयातलं एआरटी सेंटर, एचआयव्हीवरच्या उपचारांचं. बाकं भरलीत. टेक्निशियन मॅडम कंत्राटी. ॲप्रन स्वतःच्या पैशानं शिवलेला. जांभळ्या टोपणाच्या नळ्या त्या स्टँडला लावतात.

९.२०
मूठ आवळा. सुई. मूठ सोडा. भरलेली नळी हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, नाही हलवली तर रक्त गोठतं.

१०.५०
भांगलणीला जाणारी एक बाई. एसटीला अर्धं तिकीट, पण आजची तीनशेची हजेरी बुडाली.
"मॅडम, यंदा तरी वाढल्या का वो पेशी?"
नावावर हात ठेवून मॅडम मला नोंदी दाखवतात. व्हायरल लोड दोन वर्षं सापडण्याच्या पातळीखाली. म्हणजे गोळी चुकलेली नाही. तरी सीडी-४ ९६ वरून जेमतेम २१४. शेजारच्या नोंदीतल्या माणसाचे उपचार बाईंबरोबरच सुरू झालेले, तो पाचशेपार गेला.
बाईंच्या पानावर लाल शाईत आणखी एक ओळ आहे: हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह.

११.३०
डॉक्टर घाईत आहेत, तरी समजावतात. बी कावीळ असलेल्या सगळ्यांचंच असं होत नाही. मुळात पेशी फार खाली गेल्यावर उपचार सुरू झाले, हेही कारण असतं. पण दुसरा विषाणू शरीराला सतत धगधगत ठेवतो. यकृत निबर झालं की पाणथरी फुगते आणि पेशी तिथंच अडकतात. रक्तात कमी दिसतात. म्हणून नुसता आकडा नाही, टक्केवारीही बघायची. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात बाईंचं एसजीपीटी चढलं होतं. परतलेली ताकद आधी काविळीच्या विषाणूवर तुटून पडली, आणि मार यकृतानं खाल्ला.

१२.१५
समुपदेशक ताई गोळ्या मोजतात. एका गोळीत तीन औषधं. त्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन कावीळही दाबून धरतात.
"ऊसतोडीला गेलीस तरी डबा संगं. मधेच सोडलीस तर दोन्ही उठतील."
दुसरे संसर्ग थोपवणारी सेप्ट्रानची गोळीही चालूच. ती सुटायला सीडी-४ साडेतीनशेच्या वर जावं लागतं, तेही टिकून.

२.००
सेंट्रिफ्यूज घरघरतं. वर पिवळा प्लाझ्मा येतो. तो वेगळा काढून शीतपेटीत. मॅडमचा डबा अजून बंद आहे.

३.४०
बाईंच्या हातात सोनोग्राफीची चिठ्ठी. तारीख गुरुवारची.
"गुरुवारी मुकादम पगार वाटतोय. शुक्रवार नाही का व्हायचा?"
मॅडम फोन उचलतात. एंगेज. पुन्हा लावतात.