पोटात गेलेल्या गोळीचे पुढे काय होते?

“डॉक्टर, एकदाच मोठी गोळी द्या ना! दिवसातून तीन-तीन वेळा कोण लक्षात ठेवणार?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकावा लागतो. विचारणारा कधी उल्हासनगरचा कापडदुकानदार असतो, कधी अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, तर कधी बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी नोकरदार बाई. प्रश्न अगदी रास्त आहे. गोळी गिळली की ती आपले काम सुरू करते हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वेळी शरीरही तिला बाहेर घालवण्याच्या कामाला लागते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. गोळी तापाची असो वा रक्तदाबाची, शरीराच्या लेखी ती परकीच.

आपल्या या पट्ट्यात ही माहिती असणे अधिकच गरजेचे आहे. येथे अनेकांच्या शरीरात औषधांबरोबर कारखान्यातील रसायनेही जातात, काहींच्या बाबतीत दारूही जाते आणि या सर्वांचा निपटारा करण्याचा मुख्य भार एकाच अवयवावर पडतो. तो अवयव म्हणजे यकृत, अर्थात आपले लिव्हर.

तेलकट डाग आणि पाणी

कपड्यावर पडलेला तेलाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, त्याला साबण लागतो. शरीरापुढेही हीच अडचण असते. बहुतेक औषधे आणि कारखान्यातील द्रावके ही कमी-अधिक प्रमाणात स्निग्ध स्वभावाची असतात. पेशींची आवरणेही स्निग्ध असल्यामुळे ती आतड्यातून, फुप्फुसातून, काही तर कातडीतूनही सहज आत शिरतात. मूत्रपिंडाने गाळून टाकली तरी वाटेतूनच पुन्हा रक्तात परततात. ती पाण्यात विरघळतील अशी केल्याखेरीज लघवीवाटे बाहेर जात नाहीत.

हे काम यकृत दोन टप्प्यांत करते. विहिरीत गुळगुळीत घागर पडली आहे असे समजा. तिला धरायला जागाच नाही. म्हणून प्रथम तिला कडी बसवायची, मग कडीला दोर बांधायचा आणि ओढून काढायची. पहिल्या टप्प्यात ‘सायटोक्रोम पी-४५०’ या कुळातील विकर, म्हणजे एन्झाइम, परक्या रेणूला ऑक्सिजनची कडी बसवतात. दुसऱ्या टप्प्यात त्या कडीला ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट, ग्लुटाथिऑन अशा पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचा दोर बांधला जातो. मग तो रेणू लघवीतून किंवा पित्तावाटे शौचातून बाहेर पडतो. प्रत्येक औषध दोन्ही टप्प्यांतून जातेच असे नाही. मधुमेहाचे मेटफॉर्मिन तर जसेच्या तसे लघवीवाटे जाते, म्हणूनच ते देताना आम्ही मूत्रपिंडाची तपासणी करून घेतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पॅरासिटामॉलचे रक्तातील प्रमाण साधारण दोन-तीन तासांत निम्मे होते, म्हणून ते काही तासांनी पुन्हा घ्यावे लागते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनला निम्मे व्हायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून ते दिवसातून एकदा पुरते. तीन गोळ्या एकदम घेतल्याने दिवसभराचे काम होत नाही. सुरुवातीला अति आणि नंतर उणे, एवढेच होते.

वाटेतला जकातनाका

पोटात गेलेले जवळपास सर्व काही आतड्यातून आधी यकृतात येते आणि मगच उरलेल्या शरीरात जाते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकातनाके असत, तसाच हा नाका. काही औषधांचा बराचसा भाग या नाक्यावरच संपतो. छातीत दुखू लागल्यावर घ्यायची नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात ती याच कारणासाठी. जिभेखालून ती थेट रक्तात जाते. गिळली तर यकृत तिचा बहुतेक भाग वाटेतच निकामी करते. ज्यांच्या घरात हृदयरोगी आहे त्यांनी हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

श्वासातून गेलेल्या रसायनाला मात्र हा नाका लागतच नाही. फुप्फुसातून ते रक्तात, हृदयात आणि तेथून थेट मेंदूपर्यंत पोहोचते. बंद खोलीत रंगकाम करताना थिनरच्या वासाने गरगरते ते यामुळे. काही वायू तर रक्तात जाण्याआधी फुप्फुसालाच जाळतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून बेकायदा रसायन सोडल्यावर शेकडो रहिवाशांना त्रास झाला. जून २०२१ मध्ये बदलापुरात रात्रीच्या वेळी वायुगळती झाली आणि लोकांना श्वास घेणे कठीण झाले. अशा वेळी ‘लिव्हर टॉनिक’ पिऊन काही साधत नाही. तेथून वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जाणे आणि दम लागत असेल तर रुग्णालय गाठणे, हाच उपाय.

एका विद्यार्थ्याचा प्रयोग

शरीर परक्या पदार्थाचे रूप बदलते हे कसे कळले, ती हकिकत मनोरंजक आहे. १८४२ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे व्योलर या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत केलर नावाच्या तरुणाने स्वतः बेंझोइक आम्ल घेतले आणि आपली लघवी तपासली. तीत त्याला हिप्युरिक आम्ल हा नवाच पदार्थ सापडला. शरीराने बेंझोइक आम्लाला ग्लायसिनचा दोर बांधून ते बाहेर काढले होते.

सरबत, सॉस आणि बाटलीबंद लोणचे टिकावे म्हणून आपण आजही सोडियम बेंझोएट वापरतो आणि आपले यकृत केलरच्या यकृतासारखेच त्याचे हिप्युरिक आम्ल करते. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनचेही शेवटी हेच होते. म्हणून रंग व छपाईच्या कामगारांची लघवी तपासून त्यांच्या शरीरात टोल्युइन किती गेले याचा अंदाज बांधता येतो. मात्र तपासणीआधी बेंझोएट घातलेले पेय प्यायले असेल तर आकडा फुगतो आणि तपासणी चुकीचा निष्कर्ष देऊ शकते!

प्रत्येकाचे यकृत निराळे

क्षयरोगाच्या उपचारात आयसोनियाझिड हे औषध असते. काहींचे यकृत त्याचा झटपट निचरा करते, तर काहींचे सावकाश. हा फरक जन्मजात, आनुवंशिक असतो. आपल्या देशात सावकाश निचरा करणारे निम्म्याहून अधिक आहेत. त्यांच्या रक्तात हे औषध जास्त वेळ राहते आणि हातापायांना मुंग्या येण्याचा संभव वाढतो. त्यासाठी सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात. ‘शेजाऱ्याला ही गोळी लागू पडली’ म्हणून तीच आपण घेणे का चुकीचे, ते यावरून समजावे. नवजात बाळाचे यकृत अजून पुरते तयार झालेले नसते आणि वृद्धांचे मंदावलेले असते. म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून तान्ह्याला देणे धोक्याचे आहे.

एकाच खिडकीवरची गर्दी

बहुतेक औषधे थोड्याच विकरांच्या खिडक्यांवर रांग लावतात. एखाद्याने खिडकी अडवली की दुसरे रक्तात साचते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेताना कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे प्रमाण असेच वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. उलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांची संख्याच वाढवते. त्यामुळे इतर औषधे भराभर संपतात. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, दुसरा उपाय विचारून घ्यावा. बिडी-सिगारेटच्या धुरानेही काही विकर वाढतात. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्याने बिडी सोडली, की तोच डोस जास्त होऊन मळमळ व धडधड सुरू होऊ शकते. बिडी सोडावीच, पण डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्यावा.

‘हे तर झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?’ असे म्हणणारेही मला भेटतात. यकृताला झाडपाला आणि कारखाना असा भेद कळत नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचे सेवन करणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य झाला नाही. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांना लखलाभ. पण काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, एवढे तरी आपण करावे.

उपाय करता अपाय

यकृताचे काम आंधळेपणाने चालते. समोरच्या रेणूला कडी बसवायची, एवढेच त्याला ठाऊक. त्यातून कधी कधी मूळ पदार्थापेक्षा जहरी पदार्थ तयार होतो.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. योग्य मात्रेत हे अतिशय सुरक्षित औषध आहे. त्याचा थोडा भाग मात्र यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथिऑन त्याला लगेच बांधून टाकते. मात्रा फार झाली की ग्लुटाथिऑनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्याच पेशी मारू लागते. धडधाकट प्रौढासाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. रोज दारू पिणारे, उपाशी वा अशक्त यांच्यासाठी ती याहून बरीच कमी. गंमत अशी की तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तीन वेगळ्या नावांत एकच पॅरासिटामॉल असू शकते. जास्त मात्रा गेली तर पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही, यकृताची इजा नंतर दिसते. म्हणून वाट न पाहता रुग्णालयात जावे. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास उत्तम काम करतो.

मिथेनॉलची कथा याहून भयंकर. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचे द्रावक. ते स्वतः साध्या दारूसारखीच नशा आणते. पण यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते. हे आम्ल डोळ्याची नस जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. हे व्हायला बारा-चोवीस तास लागतात. तोवर पिणारा ‘उतरली’ म्हणून निजलेला असतो. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, पोटात कळा आल्या, तर एक मिनिटही दवडू नये. रुग्णालयात विकर अडवणारे औषध देऊन आणि डायलिसिस करून प्राण वाचवता येतात.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली. तेथेही यकृताने त्या रसायनाचे आम्लात रूपांतर केले आणि त्या आम्लाने मूत्रपिंडे निकामी झाली. हेच रसायन २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या मुलांच्या पोटात गेले. त्यातील अनेक बालकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. चाळीस वर्षे उलटली, पण मूत्रपिंडाला ते रसायन तसेच घातक राहिले. लहान मुलांच्या खोकल्यावर मनाने बाटली आणू नये, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपण काय करावे?

१. डॉक्टरांना केवळ आजार नव्हे, आपला धंदाही सांगा. रंग, छपाई, जीन्स धुलाई, रसायन कारखाना यांत काम करत असाल तर कोणत्या पदार्थाशी संबंध येतो ते पिंपावरून लिहून आणा.

२. चालू असलेली सर्व औषधे, काढे आणि चूर्णे एका पिशवीत घालून दाखवायला आणा. बिडी, तंबाखू, दारूबद्दल खरे सांगा. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही, डोस ठरवण्यासाठी विचारतो.

३. हात थिनरने धुऊ नका. रंग बनवण्यासाठी लागणारे अ‍ॅनिलीन कातडीतून आत जाते, यकृतात त्याचे रूप बदलते आणि मग ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. ओठ निळे पडले तर लगेच रुग्णालय गाठा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

४. क्षयरोगाच्या औषधांनी लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे, सतत उलट्या होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दाखवा. औषध मनाने बंद करू नका आणि या काळात दारूला शिवू नका.

५. सर्दी-तापाच्या दोन गोळ्या एकत्र घेण्याआधी दोन्ही पाकिटांवरचे घटक वाचा. अक्षरे बारीक असतील तर केमिस्टकडून वाचून घ्या.

यकृताची जाहिरात करणाऱ्या बाटल्या बाजारात खूप आहेत. मी त्या सहसा लिहून देत नाही. यकृतावरचे ओझे वाढवायचे आणि वर टॉनिक पाजायचे, यापेक्षा ओझे कमी केलेले बरे. यकृताने कुरकुर केलीच तर ती बहुधा काविळीच्या रूपाने. त्या काविळीविषयी, आणि तिच्यावर गळ्यात बांधायच्या माळांविषयी, पुढील आठवड्यात.