ओल्या दगडावरची बिननावाची गोगलगाय

पाऊस सुरू झाला, की रविवारी आपली गँग कुठे असते? वेरूळ, नाहीतर म्हैसमाळ. गाडी लावायची, धबधब्यासमोर रील बनवायची, भुट्टा खायचा आणि घरी. पुढच्या वेळी एक करा. धबधबा बघून झाला, की त्याच्या कडेचा ओला दगडही बघा. सह्याद्रीच्या घाटात अशाच दगडांवर एक भन्नाट गोष्ट सापडली आहे.

तिचं नाव क्रेम्नोकोंकस, म्हणजे ‘कड्यावरचा शंख’. ही नखाएवढी गोगलगाय धबधब्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळाला चिकटून राहते. खानदान मात्र पक्कं समुद्राचं! कोकणात भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खडकांवर बारक्या गोगलगायी दिसतात ना, त्या हिच्या नात्यातल्या. अख्ख्या कुळात गोड्या पाण्यात राहायला आलेला हा एकच गट.

विल्यम ब्लॅनफर्ड या भूवैज्ञानिकाने 1869 मध्ये या गटाला हे नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं यात तीनच प्रजाती धरल्या जात होत्या, तिन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या. मग 2013 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे डेव्हिड रीड आणि कर्नाटकातले एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ यांनी कर्नाटकच्या घाटातल्या सहा नव्या प्रजाती जगासमोर मांडल्या. एकीचं नाव आगुंबेन्सिस, एकीचं चक्क हनुमानी!

आता तुम्ही म्हणाल, गोगलगाय सापडली, नाव दिलं, झालं. तसं नसतं. सापडणं हे सगळ्यात सोपं काम. शंख फसवतो, कारण एकाच प्रजातीत त्याचा रंग आणि आकार वेगवेगळा असू शकतो. म्हणून शंखाच्या तोंडावरचं झाकण, जिभेवरच्या बारीक दातांची पट्टी, प्रजननाचे अवयव, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. मग संग्रहालयात जपलेल्या जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचं. ‘ही त्यातली कुठलीच नाही’ हे सिद्ध झालं, की सविस्तर वर्णन लिहायचं, दोन शब्दांचं नाव ठरवायचं आणि शोधनिबंध छापायचा. एक नमुना कायमचा साक्षीदार म्हणून जपला जातो. त्याला होलोटाइप म्हणतात. उद्या कुणाला शंका आली, तर त्याने तो काढून बघावा.

एवढा खटाटोप एका गोगलगायीसाठी? हो. कारण नाव नसलेला जीव कागदावर नसतोच. त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत जागा मिळत नाही. घाटातला एखादा झरा वळवला, तर तिथे काय संपलं, हे सांगायलाही कुणी उरत नाही.

आपल्या शहरापासून समुद्र लांब आहे, पण ओला दगड लांब नाही. दगडावर काही दिसलं, तर उचलू नका. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. जागा आणि तारीख लिहून ठेवा, ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, कॉलेजातल्या झूलॉजीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. बहुतेक वेळा ते ओळखीचंच निघेल. निघू द्या. एखाद्या वेळी सर फोटो झूम करून बराच वेळ गप्प बसले, तर समजा, काम सुरू झालं.