चित्राची प्रतबंदी

इंदापूर तालुक्यातील जमिनीची नवी मोजणी आणि प्रतबंदी १८३६ साली अमलात आली, ही गोष्ट महसुलाच्या इतिहासात जितकी प्रसिद्ध आहे तितकी आम्हा बारामतीकडच्या कऱ्हाटीतल्या माणसांना ठाऊक नाही. त्यापूर्वी इंग्रज अंमलदार प्रिंगल यांनी बसवलेला साऱ्याचा आकार या अवर्षणग्रस्त मुलखाला पेलला नव्हता. रयत शेते सोडून परागंदा झाली होती आणि कसलेली जमीन पडीक पडली होती. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी मग काळी, तांबडी आणि बरड अशा जमिनीच्या जाती मानून प्रत्येकीच्या तीन तीन प्रती लावल्या, पूर्वीपेक्षा हलका आकार ठरवला, आणि तीस वर्षे तो वाढणार नाही असे अभय रयतेला दिले. मुंबई इलाख्याच्या पुढच्या साऱ्या जमाबंदीचा पाया या एका तालुक्यात घातला गेला.

मातीची प्रत अशी लावता येते. चित्राची कशी लावावी? समकालीन कलेच्या आंतरराष्ट्रीय बाजारांची वर्णने वाचताना हा प्रश्न आमच्याकडच्या माणसाच्या मनात सहज उभा राहतो, कारण तेथे भिंतीवरच्या एका कापडाला पाणभरत्या शिवाराहून अधिक किंमत सांगितली जाते, आणि ती कोणी व कशावरून ठरवली याचा उलगडा सामान्य प्रेक्षकाला कोणी करून देत नाही. म्हणून या बाजाराची घडण आधी समजून घेतली पाहिजे.

चित्रांचे जागतिक मेळे दोन प्रकारचे आहेत. व्हेनिस येथे १८९५ पासून आणि आपल्या कोचीत २०१२ पासून दर दोन वर्षांनी भरणारे मेळे मुख्यतः दर्शनासाठी असतात. तेथे गाळे नसतात आणि कलाकृती विक्रीला मांडलेल्या नसतात. दुसरा प्रकार उघड बाजाराचा. जर्मनीतील कोलोन येथे १९६७ साली काही कलादालनांनी एकत्र येऊन तो सुरू केला, १९७० साली स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात त्याला स्थिर रूप आले, आणि आज ‘आर्ट बासेल’ हे नाव या व्यवहारात प्रमाण मानले जाते. आपल्याकडे दिल्लीत २००८ साली ‘इंडिया आर्ट समिट’ भरली, तिचेच पुढे ‘इंडिया आर्ट फेअर’ झाले. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’चा पहिला मेळा भरून हा बाजार मराठी मुलखाच्या राजधानीत आला.

या बाजारातला बहुतेक प्रत्येक गाळा एखाद्या कलादालनाचा असतो. दालनाने अर्ज करावा, निवड समितीने तो मंजूर करावा, मग भाडे भरून काही दिवसांपुरत्या पांढऱ्या भिंती पदरात पडाव्यात, असा शिरस्ता आहे. पहिला प्रहर निमंत्रित संग्राहकांचा असतो. सामान्य प्रेक्षक तिकीट काढून मागाहून आत येतो, तोवर काही चित्रांची विक्री होऊनही गेलेली असते. हयात चित्रकाराचे नवे चित्र विकले गेले की येणाऱ्या रकमेचा बहुधा निम्म्याच्या आसपासचा हिस्सा दालनाकडे राहतो. आपल्या बाजारपेठेतल्या अडतीच्या मानाने हा हिस्सा फार मोठा वाटेल. परंतु चित्रकाराला कोणी ओळखत नसते त्या काळात त्याला भिंत देणारे, त्याची पुस्तिका छापणारे आणि वर्षानुवर्षे ग्राहकाची वाट पाहणारे चांगले दालन त्याच्यासाठी बरेच सोसत असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

जुन्या चित्रांचा व्यवहार निराळा. हातोहात फिरलेल्या चित्राचाही एक सातबारा असतो. ते चित्रकाराकडून प्रथम कोणी घेतले, नंतर कोणाच्या नावे चढले, कोणत्या प्रदर्शनात लागले, कोणत्या ग्रंथात छापले गेले, या नोंदींची साखळी अखंड असेल तरच जाणता ग्राहक पुढे येतो. आणि त्यातला एक फेरफार जरी संशयास्पद निघाला, तरी चित्र कितीही सुंदर असो, त्याचा भाव कोसळतो.

गाळ्यावरचा भाव मालक आणि ग्राहक यांच्यात राहतो, लिलावाचा भाव मात्र जगजाहीर होतो, म्हणून मेळ्यातले व्यापारी लिलावाच्या निकालांकडे डोळे लावून असतात. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. त्याचे चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ सालचा, पंढरपूरचा. म्हणजे तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, इंदापूर ओलांडून ज्या गावी पोचते त्या गावचा. १९५४ साली रंगवलेल्या, जवळजवळ चौदा फूट लांबीच्या या पटावर तेरा लहान लहान दृश्ये आहेत, आणि ती सारी ग्रामजीवनाची आहेत. त्याच साली दिल्लीत आलेल्या एका परदेशी डॉक्टरांनी ते विकत घेतले आणि पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले. तेथील भिंतीवर ते अनेक दशके जवळजवळ अज्ञात राहिले. या सगळ्या काळात त्यातली एक रेषाही बदलली नव्हती. बदलले होते ते पाहणाऱ्यांचे डोळे आणि त्यांच्या खिशातले बळ.

वासुदेव गायतोंडे यांची कथा याहून अंतर्मुख करणारी आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार पुढे दिल्लीत एकांतात राहिला. वर्षाकाठी त्यांची चित्रे होत ती मोजकी पाच-सहा, कारण त्यांचा पुष्कळसा काळ कुंचला हाती न घेता, चित्र मनात पिकू देण्यात जाई. २००१ साली ते निवर्तले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना विकले गेले, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरवले. ज्याने आयुष्यभर चित्राला घाई केली नाही, त्याच्या चित्रासाठी जगाने घाई केली ती त्याच्या पश्चात.

प्रत अशी बदलत जाते, आणि प्रतीचे प्रकारही बदलतात. जिव्या सोमा म्हसे या डहाणूकडच्या वारली चित्रकाराची पांढऱ्या रेषांची माणसे १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात ‘मॅजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात जगभरच्या समकालीन कलावंतांच्या पंक्तीला बसली. तत्पूर्वी अशा कामाला हस्तकलेच्या रकान्यात टाकून मोकळे होण्याची आपली रीत होती.

यावरून मला एकच गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. किंमत हा चित्राचा आकार आहे, त्याची प्रत नव्हे. आकार कोणी परका अंमलदार बसवून जाऊ शकतो. प्रत मात्र ज्याची दृष्टी तयार आहे त्यालाच कळते. ही दृष्टी मेळ्याच्या दारात तिकिटाबरोबर मिळत नाही. ती आपल्या गावी, लहानपणी, फुकट तयार व्हावी लागते.

तशी ती करता येते याला दाखले आहेत, आणि त्यातला एक तर आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातला. खटाव तालुक्यातील औंधला तेथील अधिपती आणि स्वतः चित्रकार असलेले भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभारले. तेथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे आई आणि मूल यांचे शिल्पही आहे. ज्या शिल्पकारासाठी युरोपातले रसिक दूरदूरचा प्रवास करतात, तो यमाईच्या डोंगरावर यात्रेकरूला सहज भेटतो. पुढे २००८-०९ मध्ये ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या पुढाकाराने ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील अनेक शहरांतून गेले.

असे काही बारामती-इंदापुरास का होऊ नये? बारामतीजवळच्या कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत भरणाऱ्या प्रदर्शनाला शेतकरी दूरदूरहून येतात, उभ्या पिकाचे पान हातात घेऊन निरखतात, मनात येईल ते निर्भयपणे विचारतात, आणि काही विकत न घेता परतले तरी रिकाम्या हाताने परतत नाहीत. त्याच आवारात एखादी भिंत चित्रांसाठी राखली, एखादा चित्रकार त्या भिंतीपाशी उभा राहिला, तर हेच डोळे तेथेही तितक्याच मोकळेपणाने थांबतील, याविषयी मला शंका नाही.

१८३६ च्या त्या प्रतबंदीसाठी कारकून शेतोशेत फिरले, आणि पुढे त्याच पद्धतीत जमीन जागोजाग उकरून मातीची खोली पाहण्याचा नियम झाला. वरवर सारखी दिसणारी दोन शेते खोलीने वेगळी निघत. चित्रापुढे उभे राहणाऱ्यानेही तेवढेच करायचे असते: भावाच्या कागदाकडे पाहण्यापूर्वी थोडा वेळ थांबायचे, आणि रंगाखाली माती किती खोल आहे ते आपल्या डोळ्यांनी उकरून पाहायचे.