फिरत्या चुंबकाचा अँटेना

पाण्याखालच्या पाणबुडीला संदेश द्यायचा तर रेडिओलहरी संथ, म्हणजे कमी वारंवारतेच्या लागतात. जलद लहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरतात. आपल्या नौदलाचं तिरुनेलवेलीजवळचं आयएनएस कट्टबोम्मन केंद्र याच कामासाठी आहे. तिथल्या लहरीची लांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, सुमारे १६ किलोमीटर. त्यामुळे मनोरे उंचच उंच लागतात आणि वीजही भरपूर. त्याऐवजी बळकट चुंबकच गरागरा फिरवला तर? अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने २०१६च्या अखेरीस यावर कार्यक्रम जाहीर केला. चुंबक सेकंदाला १०० फेरे घेतो तेव्हा त्याचं क्षेत्रही १०० वेळा आलटून-पालटून येतं. मूळ तत्त्व आपल्याला बोरिवलीच्या फ्लॅटमध्येही पाहता येईल.

आधी चुंबक. निओडिमियमची नाण्याएवढी चकती सहज मिळते, आणि घोटाळा इथेच होतो. तिचे ध्रुव बहुधा दोन सपाट बाजूंवर असतात. चकती टेबलावरच्या भोवऱ्यासारखी फिरवली तर बाहेरचं क्षेत्र जवळपास बदलतच नाही! उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने समोर आले पाहिजेत. म्हणून चकतीची सपाट बाजू पेन्सिलीच्या अंगाला टेकवून चिकटपट्टीने घट्ट बांधावी आणि पेन्सिल बोटांनी फिरवावी. वेगवान ड्रिलला मात्र लावू नये. चकती ठिसूळ असते, निसटली तर डोळ्याला इजा होईल.

मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकमापक असतो. फिफॉक्ससारख्या मोफत ॲपमध्ये त्याचा आलेख दिसतो. पेन्सिल एक फूट लांब धरून सावकाश फिरवली की लाटा उमटतात. मग दोन फुटांवर जावं. लाट निम्मी नाही, एक अष्टमांश होते. या तंत्राची खरी अडचण हीच आहे: अंतर वाढलं की क्षेत्र घनाच्या हिशेबाने घटतं.

संदेश वेगातून जातो. एक वेग म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक. जड चुंबकाचा वेग चटकन बदलत नाही, त्यामुळे आवाज पाठवणं अवघड. थोडकी अक्षरं जातात.

उपनगरात आणखी एक पंचाईत आहे. लोकलच्या तारांत २५,००० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज. घरातल्या वायरिंगमध्येही तीच वारंवारता. या विजेचं बदलतं चुंबकीय क्षेत्र आपल्या मोजमापात मिसळतं. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींसाठी १९०४मध्ये अलिबागला जागा उभारावी लागली होती, यावरून हा उपद्रव किती जुना ते कळतं. म्हणून मोठा प्रयोग करताना ५० आणि त्याच्या दुप्पट १०० हर्ट्झ टाळावेत. चुंबक फिरवण्याआधी नुसती तारेची कॉइल लावून आसपासची घरघर नोंदवावी, आणि जिथे ती कमी दिसेल तोच वेग निवडावा.